पडदेवाले काका आले का?

नवं कुलूप आणलं की माणसं ते आपल्या किल्लीनं उघडून बघतात. आमच्या जावईबापूंनी ते दुसऱ्यांच्या किल्ल्यांनी उघडून पाहिलं.

झालं असं, की दाराचं जुनं कुलूप अडकायला लागलं होतं. जावईबापूंनी नवं आणलं, सुतारानं बसवलं, माझ्या लेकीनं किल्ली फिरवली, दार उघडलं, बंद झालं. "झालं बाई एकदाचं," म्हणून ती आत गेली. जावईबापू मात्र जिना उतरून खाली गेले आणि घराघरांतून किल्ल्या मागून घेऊन आले. एकेक किल्ली कुलपात घालायची, फिरवायची, उघडलं नाही की समाधानानं मान हलवायची. मी खुर्चीत बसून हा प्रयोग बघत होतो. सातवी किल्ली तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंची. ती घातली आणि दार अलगद उघडलं.

"बघा," जावईबापू म्हणाले.

"अगंबाई!" शिंपीणबाई मागेच उभ्या होत्या. "म्हणजे आता चहाला यायचं तर मला बेल वाजवायलाही नको."

कुलूप त्याच दिवशी दुकानात परत गेलं. लेक मला म्हणाली, "बाबा, ह्याला आपली किल्ली चालते ह्याचा आनंदच नाही. दुसऱ्याची चालत नाही ना, एवढंच ह्याला बघायचं असतं."

तिनं हे चेष्टेत म्हटलं. पण जावईबापूंचं सगळं काम, आणि बराचसा स्वभावही, त्या एका वाक्यात येतो.

मी एकेचाळीस वर्षं फिरत्या नाटक कंपनीत काढली. गुडघे संपले तेव्हा नाटक संपलं आणि मी लेकीकडे राहायला आलो. जावयाच्या घरी राहणं म्हणजे दुसऱ्याच्या नाटकात ऐनवेळी उभं राहणं. आपलं वाक्य कधी येतं तेच कळत नाही. पण ह्या माणसानं मला कधी अवघडू दिलं नाही. मुळात तो बोलायचाच कमी. सकाळी कॉम्प्युटर उघडायचा, संध्याकाळी मिटायचा. काय करता म्हणून विचारलं तर "टेस्टिंग" म्हणायचा. वर्षभर मला वाटत होतं, काहीतरी चाखून बघायचं काम असेल.

एकदा दुपारी चहा घेताना मी हट्टच धरला. तेव्हा ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"नाना, एक मोठं हॉस्पिटल आहे असं समजा. शेकडो माणसं कामाला. कोण डॉक्टर, कोण नर्स, कोण सफाईवाला, कोणाला कुठल्या दारातून आत जायचा हक्क, हे सगळं एका ठिकाणी लिहिलेलं असतं. ती डिरेक्टरी. आणि ती सांभाळून प्रश्नांची उत्तरं देणारा तो डिरेक्टरी सर्व्हर. दाराशी कोणी कार्ड लावलं की आमचा प्रोग्राम त्याला विचारतो, हा कोण? ह्याला आत सोडू का?"

"म्हणजे दारावर दरवान आणि आत वही घेऊन कारकून."

"अगदी तसंच. दरवान आमचा. तो बरोबर माणसाला सोडतो का आणि चुकीच्याला अडवतो का, हे मी तपासतो."

"मग जाऊन हॉस्पिटलात उभे राहा की."

ते हसले. "खऱ्या वहीशी खेळता येत नाही ना. मला तपासायचं तर कोणाची तरी नोकरी घालवावी लागते, कोणाचा पासवर्ड चुकवावा लागतो. खऱ्या सर्जनची नोंद खोडून बसलो तर? म्हणून मी खोटी वही उभी करतो. चाचणी सुरू झाली की एक तात्पुरता सर्व्हर उभा राहतो, त्यात खोटी माणसं भरायची, प्रश्न विचारून घ्यायचे, आणि चाचणी संपली की सर्व्हर माणसांसकट पुसून टाकायचा. पुढच्या चाचणीला पुन्हा कोरा."

"दिवसातून किती वेळा?"

"चाळीस-पन्नास. आपोआप चालतं."

मी गुडघे विसरून उठून उभा राहिलो. अहो, हे तर माझं आयुष्य! मैदानात तंबू ठोकायचा, महाल उभा करायचा, राजा मरेपर्यंत तो महाल खरा, आणि सकाळी तिथं खुंट्यांची भोकं तेवढी उरायची. आमचे दिवसाला दोन खेळ झाले तर मालक आरशासमोर मिशा पिळायचे. इथं पन्नास!

"पण उभाच का ठेवत नाही? पाडण्याची तरी दगदग वाचेल."

"मागच्या खेळातलं काहीतरी मागे राहतं, नाना. मग पुढची चाचणी उगीचच फसते, नाहीतर उगीचच पास होते."

हे मला कोणी शिकवायला नको होतं. आदल्या अंकातला खंजीर सिंहासनावर तसाच राहिला होता आणि आमचे महाराज मोठ्या डौलात त्यावर बसले होते, तो खेळ मी विंगेतून पाहिलेला आहे.

मग मी विचारलं, "ह्या खोट्या माणसांची नावं काय?"

"कर्मचारी एक, कर्मचारी दोन..."

"छे छे! पात्रांना नावं नाहीत? आमच्याकडे मुक्या द्वारपालालासुद्धा नाव असायचं."

"मग तुम्ही द्या," ते म्हणाले. "बारा पुरतील."

मी वही घेऊन बसलो आणि चार दिवसांत दोनशे अकरा लिहिली.

काय करणार? एकाला घेतलं की दुसरा आठवायचा. व्हायोलिनवाले अण्णा, त्यांचे मेहुणे, दाढीमिशा चिकटवणारे मास्तर, विंगेत बसून वाक्य पुरवणारे आणि स्वतःच झोपी जाणारे गुरुजी, वादळाचा आवाज काढायला पत्रा हलवणारे दोघे भाऊ, तिकिटाच्या खिडकीतली मावशी. आणि थोरल्या बाई, आमच्या नायिका. वर्षातून दोनदा मालकांशी भांडून कंपनी सोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी रंगपटात आपल्या आरशासमोर बसलेल्या असायच्या. रंगपटाची किल्ली त्यांनी कधी परत केलीच नाही.

आणि यादीत अगदी शेवटी पडदेवाले काका. हा माणूस दोर हातात घेऊन उभा असायचा. पडदा उघडण्याआधी सगळ्या पात्रांमागून फिरून एकेकाच्या खांद्याला बोट लावायचा आणि मोजायचा. बाहेर प्रेक्षक टाळ्या पिटतायत, मालक विंगेतून दात-ओठ खात "उघडा! उघडा!" म्हणतायत, आणि काका थंडपणे सांगतायत, "एक बाकी आहे." त्यांच्या हातून रिकाम्या रंगमंचावर पडदा कधी उघडला नाही. ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

जावईबापूंनी दोनशे अकराच्या दोनशे अकरा नावं यादीत घातली. खाती, हुद्दे, पासवर्ड, सगळ्यांसकट. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

"अरे, तू बारा मागितली होतीस ना?" लेकीनं विचारलं.

"बाकीच्यांना काय सांगू? जागा नाही म्हणून?"

तेव्हापासून दिवसातून पन्नास वेळा माझी कंपनी उभी राहू लागली. अण्णा हाडांचे डॉक्टर झाले, तिकिटवाली मावशी रक्ततपासणीला बसली. एक भूमिका मात्र मी अडून बसून दिली. चाचणीत एक नर्स लागायची, नोकरी सोडून गेलेली. वहीत तिच्या नावापुढे 'नोकरी सोडली' असा शेरा. ती औषधांच्या खोलीशी कार्ड लावते आणि दरवानानं तिला अडवायचं. त्या खोलीत झोपेची, वेदना मारायची, भलत्या हातात पडू नयेत अशी औषधं.

"थोरल्या बाई," मी म्हणालो. "त्यांच्याइतका अनुभव कोणाला आहे?"

जावईबापूंची एक रीत होती. दर गुरुवारी ते आपल्याच दरवानाला मुद्दाम बिघडवायचे. 'नोकरी सोडली हा शेरा वाचूच नकोस,' असं त्याला सांगून ठेवायचे आणि चाचण्या चालवायचे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल ओळ उमटली, म्हणजे चाचणीनं चोर पकडला, की हे खूश. मग बिघाड काढून टाकायचे. "नाना, जी चाचणी कधी लाल होऊच शकत नाही, तिच्या हिरव्याला काय अर्थ?"

माझी मंडळी यादीत आली त्याच आठवड्यात हॉस्पिटलाला प्रोग्राम द्यायची धावपळ सुरू झाली. त्यांचे साहेब म्हणाले, सगळं हिरवं दिसतंय ना, मग गुरुवारचे खेळ कशाला? जावईबापूंनी एक गुरुवार सोडला, मग दुसरा. असे सहा गेले.

द्यायचा दिवस शुक्रवार ठरला. अकरा वाजता हॉस्पिटलच्या मुख्य नर्सबाई कॉलवर येणार, जावईबापू 'सगळं तपासलंय' म्हणून सही करणार, प्रोग्राम जाणार. आणि त्यानंतर त्यांना टीमचे प्रमुख करणार, असं साहेबांनी दोनदा बोलून दाखवलं होतं. नऊ वर्षं वाट पाहिलेली जागा. लेकीनं निळा शर्ट आणून इस्त्री करून कपाटाच्या दाराला लटकवून ठेवला होता.

गुरुवारी ते घरूनच काम करत होते. तीनच्या सुमारास हातातलं संपलं. वार गुरुवार. सवय ती सवय. त्यांनी दरवानाला बिघडवलं, चाचण्या लावल्या आणि माझ्यासाठी चहा केला.

मी माझा कप संपवला. त्यांच्या कपावर साय धरली.

"काय झालं?"

"सगळं हिरवं आहे," ते म्हणाले.

"मग बरंच आहे की."

"नाही नाना. दरवान शेरा वाचत नाहीये. थोरल्या बाई सरळ आत जायला हव्यात आणि चाचणी लाल व्हायला हवी. चाचणी म्हणतेय, बाईंना अडवलं."

ते पुन्हा पडद्याकडे वळले. कुठल्या सेकंदाला काय घडलं याची नोंद असते म्हणे. ती त्यांनी ओळीओळीनं वाचली. घरात फक्त पंख्याचा आवाज. मधेच त्यांनी कागदावर तीन आकडे लिहिले. चार, पाच, नऊ. मग मला जवळ बोलावलं.

"चौथ्या सेकंदाला सर्व्हर म्हणतो, मी तयार. पाचव्याला दरवान विचारतो, थोरल्या बाईंना सोडू का? पण माणसं भरून होतात नवव्या सेकंदाला. पाचव्याला वही कोरीच आहे. कारकून म्हणतो, अशी कोणी बाईच इथं नाही. दरवान म्हणतो, मग नाही सोडत. आणि माझी चाचणी हिरवी."

"आणि ज्यांना आत सोडायचं, त्यांचं काय? वही कोरी तर तेही अडकायला हवेत."

"त्यांना मी थोडं थांबून पुन्हा विचारायला शिकवलंय. दहा सेकंद ते विचारत राहतात, तोवर माणसं येतात. 'नाही' ऐकायला आलेला मात्र पहिल्याच 'नाही'ला खूश होऊन घरी जातो."

माझ्या सगळं ध्यानात आलं. पडदा उघडलाय, रंगमंच रिकामा आहे, आणि खलनायक आलाच नाही म्हणून नायक जिंकला असं म्हणून टाळ्या पडतायत. रोज पन्नास वेळा. सहा आठवडे.

"पण आधी असं होत नव्हतं?"

त्यांनी आकड्यांचा कागद उलटा ठेवला. मग म्हणाले, "बारा माणसं अर्ध्या सेकंदात भरून व्हायची."

दोनशे अकराला पाच सेकंद लागत होते. माझी मंडळी! जन्मात कधी वेळेवर आली नव्हती, ती आता येणार होती?

"जावईबापू, म्हणजे माझ्यामुळे..."

"नाना, तुमचा चहा झाला? मला जरा गरम करून घ्यायचाय," म्हणत ते आत गेले.

परत आल्यावर त्यांनी मुद्दाम घातलेला बिघाड काढून टाकला, सर्व्हरला पंधरा सेकंद थांबायला सांगितलं आणि तोच खेळ पुन्हा लावला. आता दरवान शहाणा होता, वही भरलेली होती. सगळं हिरवं व्हायला हवं होतं.

एक ओळ लाल झाली. थोरल्या बाई, औषधांची खोली, दार उघडले.

बाईंची नोंद दोन खात्यांत होती. नायिकाही त्याच आणि गायिकाही त्याच, म्हणून मीच तशी लिहून दिली होती. दरवान पहिल्या नोंदीवरचा शेरा वाचत होता, दुसरीवरचा नाही. तीन आठवड्यांपूर्वीच्या कुठल्याशा बदलात ही खरीखुरी चूक शिरली होती आणि बाई तेव्हापासून खुशाल आत जात होत्या. बघायला कोणी नव्हतं, कारण प्रश्न विचारला जायचा तेव्हा त्या रंगमंचावरच नसायच्या.

लेक संध्याकाळी आली. जेवणाच्या टेबलाशी तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"आपण तिघं."

"मग उद्या दे, आणि दुरुस्ती मागून पाठव. असं करतात ना लोक?"

"करतात. आठ दिवस लागतील. आठ दिवस ते दार कोणासाठी उघडं, ते मला सांगता येत नाही."

तिनं ताटं उचलून आत नेली. आतूनच म्हणाली, "शर्ट मात्र उद्या तोच घाल. रंग खुलतो तुला."

सकाळी नऊला साहेबांचा कॉल. दार अर्धं उघडं होतं आणि मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. आयुष्यभर विंगेत उभं राहिलेल्या माणसाला कान मिटून घेता येत नाहीत.

"सगळं हिरवं आहे म्हणतोस आणि देऊ नका म्हणतोस?" साहेबांचा आवाज चढलेला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"हिरवं होतं, साहेब. काल खरं तपासलं आणि लाल निघालं."

"खोटी माणसं किती होती म्हणालास?"

"दोनशे अकरा."

"दोनशे अकरा! बारा-पंधरात काम होतं. कोणी सांगितली होती एवढी?"

मी वर्तमानपत्र तोंडासमोर उंच धरलं.

"मीच घेतली," जावईबापू म्हणाले. "आणि माणसांचा दोष नाही त्यात. सगळे यायच्या आधी सर्व्हर तयार म्हणतो, ते मी लिहिलंय. गुरुवारची तपासणीही मीच सोडली."

"ती मी सोडायला सांगितली होती," साहेब म्हणाले. आवाज उतरला होता. "अकरा वाजता त्या बाईंना हे तूच सांग. मला नाही जमणार."

अकरा वाजता निळा शर्ट घालून जावईबापू बसले. मुख्य नर्सबाईंचा आवाज जाडसर, सवयीनं हुकूम देणारा. मागे कुठंतरी ढकलगाडीची चाकं वाजत होती. जावईबापूंनी आडपडदा ठेवला नाही. "बाई, सहा आठवडे आम्ही तुम्हाला 'तपासलंय' म्हणून कळवत होतो. औषधांच्या खोलीचं दार तपासलेलं नव्हतं. चूक माझी आहे. आज प्रोग्राम घेऊ नका."

पलीकडे फक्त चाकं वाजत राहिली.

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"आठ."

"नोकरी सोडणाऱ्याकडून किल्ली मी स्वतः हात पुढे करून मागून घेते. बावीस वर्षं घेतेय. अजून आठ दिवस घेईन." मग जरा मऊ आवाजात, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. आता फोन ठेवा आणि कामाला लागा."

दुपारी मी त्यांच्यासमोर वही ठेवली. "उडवून टाका सगळ्यांना. बाराच ठेवा. बारा असते तर हे झालंच नसतं."

"नसतं झालं," ते म्हणाले. खोटं बोलून मला बरं वाटायला लावणं त्यांच्या स्वभावातच नाही. "पण उशिरा येणाऱ्यांच्या नावानं ओरडून, लवकर पडदा उघडणाऱ्यानं सुटायचं नसतं नाना. हे तुमच्याच काकांनी शिकवलंय ना?"

आठवडाभर ते काम करत होते. टीमच्या प्रमुखाची जागा चष्मेवाल्या सहकारिणीला मिळाली. ती पोर हुशार आहे, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. लेकीनं दोन दिवस भांडी जरा जोरात घासली आणि मग नेहमीसारखी घासायला लागली.

पुढच्या गुरुवारी त्यांनी मला खुर्चीसकट पडद्याजवळ ओढलं. "पंधरा सेकंद थांबायचं म्हणजे अंदाजपंचे झालं," ते म्हणाले. "उद्या चारशे माणसं असली तर? म्हणून वेळ मोजणंच बंद केलं. यादीतलं शेवटचं माणूस आत आलंय का, एवढंच विचारत राहायचं. ते आलं की सगळे आले. तोवर सर्व्हरनं तयार म्हणायचं नाही." मग त्यांनी कळ दाबली.

काळ्या पडद्यावर ओळी उमटू लागल्या.

पडदेवाले काका आले का? नाही.

पडदेवाले काका आले का? नाही.

माझी मंडळी आत येत होती. अण्णा, मेहुणे, गुरुजी, तिकिटवाली मावशी, थोरल्या बाई दोन्ही खात्यांतून. मला दिसत काहीच नव्हतं, पण त्यांच्या पायांचा आवाज मला ओळखू येतो.

पडदेवाले काका आले का? नाही.

पडदेवाले काका आले का? आले.

"उघडा," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

चाचण्या सुरू झाल्या. औषधांच्या खोलीच्या दाराशी थोरल्या बाईंना अडवलं गेलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. ओळ हिरवी झाली. लेक मागे येऊन उभी राहिली होती. "झालं ना एकदाचं?" ती म्हणाली.

"थांब जरा," जावईबापू म्हणाले, आणि त्यांनी दरवानाला बिघडवून खेळ पुन्हा लावला. काका आले, पडदा उघडला, बाई तोऱ्यात आत गेल्या आणि ओळ लालभडक झाली.

"आता झालं," ते म्हणाले, आणि कप उचलला. चहा अजून गरम होता.